साखळीचं दुसरं टोक : अबाय नदीकाठचे सात दिवस

पहिला दिवस : अदिस अबाबा ते देब्रे मार्कोस

मोजणी खात्यात 34 वर्षं काढली. त्यातली बरीचशी लोकांच्या बांधांवर उभं राहून भावाभावांची भांडणं ऐकण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसाने काशीला जावं नाहीतर युरोपला, असा आमच्याकडे रिवाज. पण भाचा इथिओपियात बाहिर दारच्या युनिव्हर्सिटीत सिव्हिल शिकवतो, सहा वर्षं झाली त्याला, आणि दर दिवाळीला फोनवर त्याचं एकच पालुपद : "मामा, नील नदीचा उगम दाखवतो, या." ऑक्टोबर 2019 मध्ये गेलो एकदाचा.

दुसरंही एक कारण होतं. मी वसईचा. किल्ल्यात जेझुइट पाद्र्यांच्या कॉलेजची दर्शनी भिंत अजून उभी आहे, तिच्यासमोर लहानपणी आम्ही क्रिकेट खेळायचो. या कॉलेजचा एके काळचा रेक्टर मानुएल द आल्मेइदा 1624 मध्ये इथिओपियात गेला आणि त्याने या नदीचा पहिला धड म्हणावा असा नकाशा काढला. हे मला कळलं साठीनंतर. ज्या भिंतीवर आपले चेंडू आपटायचे तिथला माणूस आपल्याच धंद्यातला निघाला, म्हटल्यावर बघून यायला हवं होतं.

भाचा गाडी आणि ड्रायव्हर घेऊन अदिसलाच न्यायला आला. शहराबाहेर पडलं की उत्तरेकडे सपाट, हिरवंपिवळं पठार लागतं. टेफ या बारीक धान्याची शेतं, बैलांचे नांगर, गाढवांवर पाण्याचे पिवळे कॅन. डोंगर कुठे दिसत नाही. 180 किलोमीटर गेल्यावर गोहात्सियन नावाचं गाव आलं, संपलं, आणि पुढे जमीनच नाही!

अबायची दरी. अबाय म्हणजे नीलची जी शाखा आपण ब्लू नाईल म्हणून ओळखतो ती. तिथे निळी वगैरे कोणी म्हणत नाही. काठावर माझ्या फोनने उंची दाखवली 2,500 मीटरच्या आसपास. वळणं घेत घेत तळाच्या पुलावर पोचलो तेव्हा आकडा होता 1,050. वर स्वेटर घातला होता, खाली शर्टाची बटणं उघडावी लागली. रस्ता जागोजागी खचलेला आहे. डांबर गोधडीसारखं चुरगळलंय, कारण खालचा उतार सतत सरकतो. ड्रायव्हर एका हाताने गाडी वळवत होता आणि दुसऱ्या हाताने छातीवर क्रूस करत होता. मी काही बोललो नाही.

वरचे कडे बघून नाणेघाटात आल्यासारखं वाटलं. तोच काळा बेसॉल्ट, तशाच पायऱ्या, मधे मधे उभ्या खांबांसारखे दगड. इथला लाव्हा सुमारे 3 कोटी वर्षांपूर्वीचा आणि आपला साडेसहा कोटींच्या पुढचा, पण जात एकच. फरक खाली उतरल्यावर कळतो. आपल्या घाटात कितीही खोल उतरा, बेसॉल्टच. इथे नदीने लाव्हा पुरता कापून काढलाय, त्याच्या खालचा जुन्या समुद्राचा चुनखडक कापलाय, मग जिप्समचे पांढरे थर, आणि तळाशी लाल वालुकाश्म. एवढी माती दर पावसाळ्यात उचलून ती सुदान-इजिप्तला नेते. अम्हारी भाषेत म्हणच आहे : अबायला स्वतःचं घर नाही, पण ओंडका खांद्यावर घेऊन हिंडतो.

पुलावर बंदूकधारी पहारा, फोटो काढायला बंदी. 2008 मध्ये जपानी मदतीने बांधलेला तारांचा पूल आहे, शेजारी जुना. फोटो नाही तर नाही, मी वही काढली आणि पलीकडे देजेनच्या बाजूला चढल्यावर एका टपरीवर बसून नदीचं वळण काढून ठेवलं. खात्यातून आणलेलं 0.3 चं शेवटचं ड्राफ्टिंग पेन माझ्याकडे आहे, तेवढी एकच चोरी.

ते वळण समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही, म्हणून सांगतो. उगम गिश अबायला, डोंगरात. तिथून पाणी उत्तरेला ताना सरोवरात जातं. सरोवराच्या दक्षिण टोकातून बाहेर पडतं, आग्नेयेला जातं, मग दक्षिणेला, मग पश्चिमेला, आणि शेवटी वायव्येला वळून सुदानात शिरतं. मधे गोज्जाम प्रांत आणि चोके डोंगर, साधारण 4,100 मीटर उंचीचा. म्हणजे नदी ज्या डोंगराळ मुलखात जन्मली त्यालाच प्रदक्षिणा घालून निघून जाते. अदिसहून बाहिर दारला या रस्त्याने सरळ उत्तरेकडे जाणारा माणूस आज दरीत अबाय ओलांडतो, आणि बाहिर दारच्या पलीकडे, गावाबाहेर, पुन्हा अबायच ओलांडतो. पहिल्यांदा ती उजवीकडून डावीकडे वाहताना दिसते, दुसऱ्यांदा डावीकडून उजवीकडे. कोणी सांगितलं नाही तर या दोन वेगळ्या नद्या वाटणार. जुन्या नकाशांतल्या निम्म्या गोंधळाचं मूळ हेच असणार, असं माझं मत.

दुसरा दिवस : गिश अबायकडे

पहाटे निघायचं ठरलं होतं. ड्रायव्हर म्हणाला अकराला येतो. इथे दिवसाचे तास सूर्योदयापासून आणि रात्रीचे सूर्यास्तापासून मोजतात, त्यामुळे रात्रीचे अकरा म्हणजे पहाटेचे पाच, हे भाच्याने मला सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो. दारावर थापा पडल्या तेव्हा मी घोरत होतो.

बुरे मागे टाकून तिलिलीपर्यंत डांबरी रस्ता, मग कच्चा. निलगिरीची झाडं, पाऊस नुकताच संपल्यामुळे चिखल. दोनदा उतरून गाडी ढकलली. गिश अबाय म्हणजे पत्र्याच्या घरांचं तालुक्याचं गाव, उंची 2,700 मीटरच्या वर, संध्याकाळी कडाक्याची थंडी. लॉजमध्ये एका मुलीने आमच्यासमोर कॉफीचे हिरवे बुंद तव्यावर भाजले, कुटले, जबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळले. शेजारी लाह्या आणि धुपाची वाटी. या देशाचा इतिहास लिहिणारा पेद्रो पाएस नावाचा स्पॅनिश पाद्री, त्याला कॉफी पहिल्यांदा मिळाली ती मात्र येमेनमध्ये, कैदेत असताना. त्याच्याबद्दल उद्या.

तिसरा दिवस : फिरफिर

सकाळी लॉजमालकिणीने फिरफिर वाढलं. शिळी इंजेरा, म्हणजे टेफची आंबवलेली पोळी, तुकडे करून लाल मसाल्यात परतलेली. म्हणजे आमची फोडणीची पोळीच, जरा आंबूस. मी दोनदा घेतलं.

उगम गावापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. उतारावर देऊळ, म्हणजे चर्च, संत मायकेल आणि संत झेरा बुरुक यांचं. खाली पत्र्याचं कुंपण. कुंपणाच्या दाराशी पांढरं उपरणं गुंडाळलेला म्हातारा बसला होता. भाच्याशी दोन वाक्यं बोलला. भाचा माझ्याकडे वळला.

"मामा, विचारतायत सकाळी काही खाल्लंत का."

"खाल्लं की. तूही खाल्लंस."

त्याने तसंच सांगितलं. म्हाताऱ्याने मान हलवली. हे पवित्र पाणी, उपाशीपोटी यायचं. खाऊन आलेल्याला आत जाता येत नाही. उद्या या. रागावला नाही, वाद घालू दिला नाही. भाचा चार वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांबरोबर येऊन गेला होता आणि हा नियम त्याला ठाऊक होता. "विसरलोच," म्हणाला. एक अख्खा दिवस गेला त्या फोडणीच्या पोळीपायी.

गेला म्हणतो, पण खरं तर याच दिवसाने जास्त दिलं. म्हाताऱ्याने आम्हाला बाहेरच्या दगडावर बसवून घेतलं आणि झेरा बुरुकची गोष्ट सांगितली. संताच्या मागे राजाची माणसं लागली होती. त्याने आपल्याजवळचे सात ग्रंथ या झऱ्याच्या हवाली केले : सांभाळ म्हणाला. कैक वर्षांनी सुटून आला, झऱ्याकडे ग्रंथ मागितले, आणि पाण्याने ते परत दिले, एक पान भिजलेलं नाही.

भाचा भाषांतर करता करता थांबला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी त्याला म्हटलं, सांग त्यांना की आमच्याकडेही असं झालंय. त्याच्या मोडक्या अम्हारीत त्याने देहू, इंद्रायणी आणि तुकोबांची गाथा सांगितली. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला : "किती दिवसांनी?" तेरा, असं आम्ही म्हणालो. त्याने समाधानाने मान डोलावली. नदीला एवढा वेळ लागणारच, असा भाव.

दुपारी टेकडीवर जाऊन बसलो. खाली दलदलीचं हिरवं कुरण, त्यातून उत्तरेकडे जाणारा एक ओहोळ, उडी मारून ओलांडावा एवढा. गिल्गेल अबाय, धाकटा अबाय. इथिओपियातले लोक अबायला गीहोनही म्हणतात. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात गीहोन नदी कूश देशाला वेढा घालून वाहते असं आहे. वेढा! युरोपातले नकाशे काढणारे शतकानुशतकं चाचपडत होते तेव्हा इथल्या देवळात दर काही दिवसांनी कोणीतरी हे मोठ्याने वाचत होतं.

आता पाएस. त्याला पाद्रीपदाची दीक्षा गोव्यात मिळाली. 1589 मध्ये त्याला इथिओपियाला धाडलं, सोबत अंतोनी मोन्सेरात. हा मोन्सेरात अकबराच्या दरबारात राहिलेला, बादशहाबरोबर 1581 च्या काबूल मोहिमेत गेलेला, वाटेत अक्षांश घेत उत्तर हिंदुस्थानचा छोटा नकाशा काढणारा. म्हणजे मोजणीदारच. दोघे अरबस्तानच्या किनाऱ्यावर पकडले गेले आणि येमेनमध्ये सात वर्षं कैदेत राहिले. 1596 मध्ये खंडणी भरून सुटका, परत गोवा. पाएस तरीही पुन्हा निघाला, 1603 मध्ये दीवहून आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेशात मसावा बंदराला उतरला. सात वर्षं अकबराच्या नकाशाकाराबरोबर एका कोठडीत काढल्यावर माणूस नदी बघताना भाला पाण्यात घालून खोली मोजतो, यात नवल नाही. सम्राट सुसेन्योसबरोबर तो 21 एप्रिल 1618 रोजी इथे आला. लिहून ठेवलं की सायरस, कंबायसिस, सिकंदर आणि सीझर यांना जे बघायची इच्छा होती ते मला बघायला मिळालं, याचा आनंद झाला. आणि लगेच पुढे झऱ्यांचा घेर किती, एकमेकांपासून किती लांब, पाणी कुठून कुठे जातं. फुशारकी दोन ओळी, टिपण दोन पानं. आमच्या खात्यात असा माणूस चालला असता.

त्याचा ग्रंथ पोर्तुगीजमध्ये, 1622 मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी तो वारला. ग्रंथ छापून आला 1905 मध्ये.

चौथा दिवस : झरा

उपाशीपोटी, अनवाणी. म्हाताऱ्याने आज न विचारताच दार उघडलं.

बघायला काय आहे? पत्र्याच्या शेडखाली पाणी जमिनीतून वर येतं आणि नळीने बाहेर काढलंय. बायकापुरुष रांगेत, हातात कॅन आणि बाटल्या. आजारी मुलाला एक बाई त्या धारेखाली धरत होती, मूल थंडीने किंचाळत होतं. पाणी गार, कसलीही चव नाही. मी ओंजळभर प्यालो, डोळ्यांना लावलं. जगातल्या सगळ्यात लांब म्हणवणाऱ्या नदीचं पाणी, आणि धारेची जाडी माझ्या अंगठ्याएवढी. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर गोदावरी बघायला गेलेल्या माणसाला याचा धक्का बसत नाही.

बाहेर येऊन उताराकडे पाहिलं. 4 नोव्हेंबर 1770 रोजी जेम्स ब्रूस हा स्कॉटलंडचा जमीनदार याच परिसरात बूट काढून टेकडीवरून धावत सुटला होता, कारण लोकांनी बूट घालून जाऊ दिलं नसतं. कंदांची फुलझाडं माजली होती, मुळं जमिनीवर आलेली, त्यांत पाय अडकून साहेब दोनदा आपटले. मग नारळाच्या करवंटीच्या पेल्यात झऱ्याचं पाणी घेऊन त्यांनी राजे तिसऱ्या जॉर्जच्या नावाने ते प्यायलं. हे सगळं त्याने स्वतःच लिहिलंय. पाएस इथे आलाच नव्हता, हेही त्यानेच लिहिलंय. आपण पहिले नाही हे कळल्यावर माणूस किती खालच्या पातळीला जातो!

तरी त्याच्या कामाला मी नावं ठेवणार नाही. ताऱ्यांची उंची मोजायचं भलंमोठं क्वाड्रंट खेचरांवर लादून त्याने इथवर आणलं आणि अक्षांश 10°59′ काढला. माझ्या फोनने त्यात एक-दोन मिनिटांचाच फरक दाखवला. 1770 मध्ये, ढगाळ डोंगरात! रेखांश मात्र पाव अंशाने पश्चिमेला सरकलाय, जमिनीवर पंचवीस-तीस किलोमीटर. अक्षांश सूर्याच्या किंवा ताऱ्याच्या उंचीवरून मिळतो. रेखांशाला दोन ठिकाणच्या वेळेतला फरक हवा, म्हणजे बिनचूक घड्याळ नाहीतर गुरूच्या चंद्रांची ग्रहणं. एवढ्यात त्याचा पाव अंशच चुकला, हे मला कौतुकाचं वाटतं.

नाव ठेवायचं ते वेगळ्या गोष्टीसाठी. त्याच्याबरोबर लुइजी बालुगानी नावाचा इटालियन चित्रकार होता. चित्रं तो काढायचा, नोंदी तो ठेवायचा. ब्रूसने पुस्तकात त्याला या प्रवासाच्या आधीच मारून टाकलं. प्रत्यक्षात तो उगमापर्यंत आला होता, त्याच्या स्वतःच्या नोंदी सापडल्या आहेत, आणि वारला 1771 मध्ये, परत राजधानी गोंदरला पोचल्यावर. आमच्याकडे 33 फुटी साखळी धरायला दोन माणसं लागायची. एक टोक मोजणीदाराच्या बाजूला, दुसरं शिपायाच्या हातात. नकाशावर सही मोजणीदाराची. पण शिपाई त्या दिवशी हजर नव्हता असं आम्ही कधी टिपणात लिहिलं नाही.

दुपारी परत डांबरी रस्ता. दांगिला लागलं, धुळीचं बाजारगाव. इथे 1925 पासून रॉबर्ट चीझमन हा ब्रिटिश सरकारचा वकील, म्हणजे कॉन्सल, नेमलेला होता. नकाशावर दरीचा मोठा भाग तेव्हाही कोराच होता, म्हणजे ब्रूस येऊन दीडशे वर्षं झाल्यावरही! कारण दरीत उतरणं म्हणजे ताप, मगरी आणि उभे कडे. 1903 मध्ये लोखंडी होड्या आणून नदीतून जायचा एका अमेरिकन श्रीमंताचा प्रयत्न सुरुवातीलाच खडकांवर आपटून संपला होता. चीझमनने शहाणपणा केला. तो नदीत गेलाच नाही. खेचरं घेऊन काठाकाठाने, मोसमामागून मोसम, जिथून वाट मिळेल तिथून खाली डोकावून परत वर. 1930 च्या दशकापर्यंत हे चाललं. वकिलातीचं कामकाज कधी करत होता कोण जाणे.

पुढे वेतेत अबाय, म्हणजे दूध-अबाय. काल उडी मारून ओलांडता आली असती ती धाकटी नदी इथे पुलाखालून तांबड्या गढूळ पाण्याने भरून चाललेली. दूध म्हणायला डोळे मिटावे लागतात.

पाचवा दिवस : ताना

रात्री भाच्याच्या घरी वरणभात. सकाळी होडीने सरोवरावर.

तानाचा विस्तार तीन हजार चौरस किलोमीटरच्या वर आणि खोली जास्तीत जास्त 14-15 मीटर. परातीत पाणी. पपायरसच्या काड्या बांधून केलेल्या ताङ्क्वा नावाच्या होड्यांतून लोक सरपण नेतात. होडी अर्धी पाण्याखालीच असते, माणूस पाण्यावर बसल्यासारखा दिसतो. झेगेच्या मठात गेलो, भिंतीभर रंगीत चित्रं; ज्यांना चित्रांत रस आहे त्यांनी इथे दिवस काढावा, मी तासात बाहेर आलो.

माझं लक्ष पाण्याच्या रंगाकडे. गिल्गेल अबायचा प्रवाह सरोवरात न मिसळता वेगळा दिसतो असं पाद्र्यांनी लिहिलंय, आणि दक्षिणेच्या बाजूला तांबूस पट्टा खरंच दिसत होता. होडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, अबाय सरोवरातून जाते, सरोवरात राहत नाही. पाद्र्यांना हे कोणी सांगितलं असेल याचा मला अंदाज आला.

आल्मेइदाचा नकाशा भाच्याच्या लॅपटॉपवर बरोबर आणला होता. आधी युरोपातला नामांकित नकाशाकार ऑर्टेलियसचा 1573 चा बघा : प्रेस्टर जॉन या दंतकथेतल्या ख्रिस्ती राजाचं राज्य म्हणून हबशी मुलूख विषुववृत्ताच्याही खाली ताणलेला, नील दक्षिणेकडच्या कुठल्याशा सरोवरातून थेट वर. प्राचीन भूगोलकार टॉलेमीने नीलच्या उगमाशी चंद्राचे डोंगर लिहून ठेवलेत ना, मग ते कुठेतरी बसवायलाच हवेत. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी व्हेनिसमध्ये फ्रा माउरो नावाच्या साधूने मोठा जगाचा नकाशा केला होता, आणि त्याने कबूल केलंय की या मुलखाची माहिती तिथल्याच पाद्र्यांनी स्वतःच्या हाताने काढून दिली. बरीच नावं बरोबर, जागा मात्र चुकलेल्या. मग आल्मेइदा : राज्य आखडून आपल्या जागी आलं, ताना सरोवर आलं, आणि सरोवरातून निघून गोज्जामला वेढा घालणारी नदी आली. हुबेहूब नाही. ताना जरा फुगलंय, वळण जरा गोल आहे. पण आज कोणी हा कागद हातात घेऊन निघाला तर चुकणार नाही. सम्राट फासिलिदसने 1630 च्या दशकात जेझुइटांना हाकलल्यावर आल्मेइदा गोव्याला परतला आणि 1646 मध्ये तिथेच वारला. नकाशा छापला गेला 1660 मध्ये कोइंब्राला, दुसऱ्याने संक्षेप केलेल्या ग्रंथात.

त्यावरून जर्मनीत हिओब लुडॉल्फने 1683 मध्ये सुधारून नकाशा काढला. लुडॉल्फने इथिओपिया कधी पाहिला नाही. त्याच्याकडे होते अब्बा गोर्गोर्योस, अम्हारा प्रांतातले विद्वान पाद्री. लुडॉल्फने विचारायचं, यांनी सांगायचं, गावं, नद्या, कोण कुठे मिळते. गोर्गोर्योस 1658 मध्ये मायदेशी परतताना जहाज फुटून बुडाले. आपण सांगितलेला नकाशा त्यांनी कधी पाहिलाच नाही.

सरोवराच्या तोंडाशी, जिथून नदी निघते तिथे, 1996 मध्ये बांधलेला बंधारा आहे. पाणी सोडायचं किती हे दरवाजे ठरवतात. अलीकडे गवतात दोन पाणघोडे, नाकपुड्या तेवढ्या वर.

सहावा दिवस : तिस इसात

बाहिर दारपासून तीसेक किलोमीटरवर धबधबा. तिस इसात म्हणजे धूर सोडणारी आग. वरचं बरंच पाणी विजेसाठी वळवतात, त्यामुळे उन्हाळ्यात नुसता कातळ दिसतो असं भाचा म्हणाला. आमचं नशीब ऑक्टोबरचं. चारशे मीटर रुंदीतली निम्मी धार तरी होती, आणि तपकिरी. समोरच्या टेकाडावर उभं राहिलो तरी चष्मा भिजत होता.

ब्रूसने या धबधब्याची उंची 40 फूट लिहिली. पाद्र्यांनी 50 फूट सांगितली होती ती त्याने फुगवलेली ठरवून कमी केली! लांब काठ्या आणि बांबू वेगवेगळ्या ठिकाणी धरून मोजली म्हणतो. ही गोष्ट मला वाचल्यापासून खटकत होती. अक्षांश मिनिटात काढणारा माणूस इथे कसा घसरला?

म्हटलं, करूनच बघू. फोनच्या नकाशावर समोरच्या कड्यापर्यंतचं अंतर काढलं, 250 मीटर धरलं. झुकाव दाखवणारं ॲप लावून फोन दगडावर टेकवला. माथ्याचा कोन वर दीड अंश, पायथ्याचा खाली आठ. भाच्याने फोन धरला, मी वाचलं. टॅन घेऊन बेरीज, गुणिले 250 : साधारण 42 मीटर, म्हणजे 137 फूट. पुन्हा केलं तर 40 आलं, कारण पायथा नक्की कुठे आहे ते तुषारांमुळे दिसतच नाही. पुस्तकं 42 ते 45 म्हणतात, चीझमन 150 फूट म्हणतो. ब्रूस तिपटीहून जास्त चुकला. माझा तर्क असा की तो खाली उतरून अगदी जवळ गेला असणार, तिथून तुषारांच्या वरचा भागच दिसतो. काठी जिथवर पोचली तिथवर त्याने धबधबा मोजला. याच धबधब्यामागे खडकाच्या आडोशाला आपण बसलो आणि पाण्यातून इंद्रधनुष्य पाहिलं असं जेरोनिमो लोबो या पाद्र्याने लिहिलंय, ब्रूसने त्यालाही खोटं पाडलं. तिथे बसता येतं की नाही हे मी तपासलं नाही. गुडघे.

परतीच्या वाटेवर आलाताचा दगडी पूल. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला, कमानींचा, खाली नदी चिंचोळ्या घळईतून फेसाळत जाते. यावर हिंदुस्थानातून आलेल्या कारागिराचा हात होता असं इतिहासकार मानतात. चुन्यात दगड बसवायचं काम या मुलखात त्याच सुमाराला रुजलं. मी कठड्याशी वाकून सांध्यात नख घालून पाहिलं. पांढरा, घट्ट, आत शिंपल्याचा अंश नाही. वसईच्या किल्ल्यात चुना शिंपल्यांचा, इथे समुद्र कुठला! दगड भाजून केला असणार. बकऱ्या हाकत एक मुलगा पुलावरून आला, मला दगड चाचपताना बघून थांबला, आणि त्यानेही एका सांध्यात नख घालून पाहिलं.

सातवा दिवस : परत

भाच्याला लेक्चर होतं. पाया पडून गेला. दुपारच्या विमानात त्याने मला मुद्दाम खिडकीची जागा घेऊन दिली होती, वरून दरीचं सगळं वळण दिसेल म्हणून. विमान उठलं, सरोवराचा एक कोपरा चमकला आणि खाली ढग पसरले ते अदिसपर्यंत.

वही काढली. देजेनच्या टपरीवर काढलेलं वळण पुरं करायला घेतलं : ताना, बाहिर दार, आग्नेय, दक्षिण, पश्चिम. शेजारी कोट घातलेले सत्तरीचे गृहस्थ, मघापासून तिरक्या नजरेने बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. इंग्रजीत म्हणाले, मी गोज्जामचा. आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. देब्रे मार्कोस मी नदीला फार चिकटवलं होतं, ते खोडून वर नेलं. पूर्वेकडून बेशिलो आणून मिळवली. मग जमा, मुगेर, गुदेर, पश्चिमेला दिदेसा, सगळ्यात शेवटी दाबुस. प्रत्येक नदीचं नाव आधी दोनदा म्हणायचे, मी देवनागरीत लिहून घेतलंय का ते बघायचे, अक्षर वाचता येत नव्हतं तरी. सुदानच्या हद्दीजवळ एक जाड आडवी रेघ मारली : मोठं धरण, अजून बांधतायत, आम्ही सगळ्यांनी पैसे दिलेत.

अदिसला उतरताना गडबड झाली. त्यांना घ्यायला मुलगा आला होता, हात हलवून निघून गेले. बॅगेच्या पट्ट्याशी उभा असताना खिसा चाचपला. नकाशा वहीत होता, 0.3 चं पेन त्यांच्या कोटात गेलं होतं.